ताडपत्रीबाईचा मांडव

"यंदा मी मांडव घालणार आहे," असं ताडपत्रीबाई जिन्यात म्हणाली आणि त्या एका शब्दाने आमच्या अख्ख्या इमारतीचं डोकं फिरलं.

चूक तिची नव्हती. तिच्या माणसांत एक सणच मांडवाचा असतो. पण आपल्या कानावर मांडव हा शब्द पडला की डोक्यात दुसरं काही येत नाही. मी भाजीची पिशवी पायरीवर ठेवली आणि विचारलं, "कुणाचं लग्न गं?"

"कुणाचं नाही बाई. माझा मांडव."

घरमालकांची बायको तेव्हा नेमकी दारातला केर काढत होती. तिने "कुणाचं नाही" सोडून दिलं आणि "माझा मांडव" तेवढं उचललं. संध्याकाळपर्यंत सगळ्यांना ठाऊक झालं की तिचा फिटर नवरा जाऊन वर्षही झालं नाही आणि हिने दुसरं लग्न ठरवलंय. आमच्याकडे पाणी वरच्या मजल्यावर चढायला पंप लागतो, बातमी आपली आपण चढते. दुसऱ्या दिवशी मालकीणबाई सरळ तिच्या खोलीत जाऊन बसल्या.

"मला सांगायला काय झालं होतं? आम्ही काय नाही म्हणणार होतो? काय करतात ते?"

"कोण?"

"अहो, असं काय करता? ते!"

हे "ते" कोण, हे तिला कळायला जरा वेळ लागला, आणि कळलं तेव्हा ती इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. मग डोळे पुसून म्हणाली, "मालकीणबाई, हा मांडव लग्नाचा नाही, सणाचा. आम्ही ज्यू आहोत."

मालकीणबाई तिथून उठल्या त्या थेट माझ्याकडे आल्या. "फिटर गेला तेव्हाही ऐकलं होतं, पण ज्यू म्हणजे कोण हो?" असं त्यांनी मला अगदी दबक्या आवाजात विचारलं. कुणाला कसला आजार झालाय ते विचारतात ना, तसं.

मला राग आला. मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकते. माझी सगळी नोकरी बसमध्ये कंडक्टर म्हणून झाली. "पुढे सरका, दारात लोंबकळू नका" असं ओरडण्यात घसा गेला आणि सोबत नरमपणाही गेला. कुजबुजणारी माणसं मला सहन होत नाहीत. "ज्यू म्हणजे माणसंच. दोन हात, दोन पाय," मी म्हटलं आणि दार लावून घेतलं.

आता तिच्याविषयी. ती माझ्या समोरच्या खोलीत राहते आणि तिला सगळे ताडपत्रीबाई म्हणतात, कारण ती ताडपत्र्या शिवण्याच्या कारखान्यात आहे. कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांबलचक शेड. जमिनीवर ताडपत्री पसरायची, खडूने आखायची, कापायची, कडा दुमडून आत दोरी घालायची आणि वरून दुहेरी शिवण मारायची. मग कडेने पितळी रिंगा ठोकायच्या. ती मशीनवर बसते. ते मशीन घरच्या शिलाई मशीनच्या तिप्पट दणकट, सुई दाभणाएवढी. दिवसभर त्या जाड कापडाला ढकलून तिचे दंड पहिलवानासारखे झालेत. शिवून झालं की दोघींनी ताडपत्री उजेडाकडे धरायची आणि छिद्र शोधायचं. सुईच्या टोकाएवढा उजेड दिसला तरी माल परत. म्हणजे या बाईचं पोट भरतं ते आभाळ दिसू न देण्यावर, आणि तिच्या सणाचा नियम असा की छपरातून आभाळ दिसलंच पाहिजे.

तिचा नवरा बॉयलरवर फिटर होता. साधा, पापभीरू माणूस. कुणाचा नळ गळला की पान्हा घेऊन हजर. पण एक गोष्ट त्याच्याकडून कुणी काढून घेऊ शकलं नाही. "तुम्ही मूळचे कोण?" असं विचारलं की तो म्हणायचा, "आम्ही बाहेरगावचे." नव्यानेच या शहरात आले तेव्हा एका घरमालकाने आधी खोली दाखवली, मग यांनी खरं सांगितल्यावर "भाचा येणार आहे राहायला" म्हणून दार लावलं. तेव्हापासून फिटरने कानाला खडा लावला. परक्या गावात मान खाली घालून राहावं, हे त्याचं शास्त्र. सण आला की तो खिडक्या लावून घ्यायचा, पडदे ओढायचा, खाटेच्या वर दोन डहाळ्या बांधायचा आणि ओठांतल्या ओठांत प्रार्थना पुटपुटायचा. ती कारखान्यात "डोकं दुखतंय" सांगून सुट्टी घ्यायची. दरवर्षी नेमकं त्याच दिवसांत हिचं डोकं दुखतं, हे कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण गरिबाच्या डोकेदुखीचा हिशेब कोण ठेवतो.

मग फिटर गेला. कामावरच, छातीत कळ येऊन. दुपारी त्याला घरी आणलं. बॉयलरवरची माणसं, इमारतीतली माणसं, सगळी जमली आणि सगळ्यांना एकच प्रश्न पडला. याला न्यायचं कुठे? जाळायचं, की पुरायचं? कुणाला बोलवायचं? एक म्हणाला असं करू, दुसरा म्हणाला तसं करू, आणि फिटर मध्ये पडलेला. इतकी वर्षं ज्यांचे नळ त्याने दुरुस्त केले त्यांतल्या एकालाही तो कोण होता ते माहीत नव्हतं. ती उंबऱ्यात उभी होती, तोंड घट्ट मिटून. मला वाटलं, धक्क्याने वाचा गेली. मग ती बोलली. "आम्ही ज्यू आहोत. पुरायचं असतं." एवढंच. या शहरात त्यांच्या माणसांचं एकही घर नाही, मग दफनभूमी कुठली असणार? कारखान्याच्या टेंपोतून त्याला तिच्या गावी नेलं. मी बरोबर होते.

परत येताना टेंपोत ती मला म्हणाली, "त्याच्यावर मला इतका राग आलाय ना! आणि राग काढायचा तर तो समोर नाही. चांगला माणूस, पण मेल्यावर लोकांना विचारावं लागलं, हा कोण म्हणून. माझ्या वेळी मी हे होऊ देणार नाही. मी कोण ते मी जिवंतपणी सांगून ठेवणार."

तेव्हा आता कळलं ना, मांडव कशासाठी होता.

मी तिला आधी सुचवलं होतं की तुझ्या गॅलरीत घाल. ती म्हणाली, "वर स्लॅब आहे. आभाळाखालीच लागतो." मग उरली गच्ची. गच्ची कपडे वाळवायला सगळ्यांना मोकळी, त्यामुळे विचारायचं कुणाला हा प्रश्न नव्हता. कारखान्यात तिने यंदा डोकं दुखवलं नाही. मुकादमाला तोंडावर सांगितलं, "माझा सण आहे, सुट्टी पाहिजे." तो म्हणाला, "मग घ्या की." इतकी वर्षं फुकट डोकं दुखवलं, असं मला सांगताना ती स्वतःवरच चिडली होती.

बांबू तिने विकत आणले. भिंती कशाच्याही चालतात, म्हणून कारखान्यातले ताडपत्रीचे उरलेले तुकडे शिवून भिंती केल्या. एक बाजू निळी, एक पिवळी, तिसरी हिरवी-काळी. छप्पर मात्र झाडाचंच पाहिजे, जमिनीतून उगवलेलं आणि कापलेलं. विजेच्या तारांना लागणाऱ्या फांद्या छाटणारी माणसं रस्त्यावर आली होती. तिने त्यांच्याकडून फांद्या मागून घेतल्या आणि आम्ही दोघींनी त्या ओढत वर नेल्या. जिन्यात पानांचा हा खच. मालकीणबाई केरसुणी घेऊन बघत राहिल्या.

मांडव उभा राहिला तेव्हा मी आत जाऊन बसले. फांद्यांतून उन्हाचे तुकडे पडत होते. "अगं, पण पाऊस आला तर?" मी विचारलं.

"गळणार."

"आणि तू हे मुद्दाम करणार? ताडपत्रीवाली असून?"

"आमचे पूर्वज गुलामीतून सुटले आणि चाळीस वर्षं वाळवंटात फिरले. त्यांना कुठलं पक्कं घर? झोपड्यांत राहायचे. त्याची आठवण म्हणून सात दिवस आपलं पक्कं घर सोडून पानांखाली राहायचं. पक्कं छप्पर घातलं तर मग तो मांडव कसला?"

सण संध्याकाळी लागणार होता आणि दुपारी मालक वर आले. आमचे मालक कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावून फिरतात. ते येण्याआधी त्यांचा छुमछुम आवाज येतो. माणूस तसा दुष्ट नाही, पण भित्रा आहे, आणि भित्र्या माणसाच्या हातात इमारत आली की तो दुष्टासारखाच वागतो.

"बाई, हे काय आहे?"

"मांडव."

"ते दिसतंय. पण गल्लीतून लोक विचारतात. काय सांगू?"

"माझ्याकडे पाठवा. मी सांगते."

मालकांनी घाम पुसला. मग अगदी समजूतदारपणे म्हणाले, "हे बघा, मी तुमच्या वाईटावर नाही. असं करा, वरून एक ताडपत्री टाका. तुमच्या कारखान्यात काय तोटा आहे? म्हणजे पानं उडायची नाहीत, टाकीत जायची नाहीत आणि कुणी विचारलं तर कपडे वाळवायची शेड म्हणून सांगता येईल. तुमचा सणही होईल आणि बोभाटाही नाही. साप मरेल आणि काठीही तुटणार नाही."

मला, खरं सांगते, हे पटलं होतं. मी तिला हळूच म्हटलंसुद्धा, "टाक ना एक तुकडा. आत बसून तू काय ते कर." तिने माझ्याकडे असं बघितलं की मी दोन पावलं मागे सरकले. सगळ्या नोकरीत फुकट्या प्रवाशांकडे मीही असं कधी बघितलं नव्हतं.

"ताडपत्री टाकली की हा मांडव राहत नाही," ती मालकांना म्हणाली. "आणि शेड म्हणायचं तर मी हा घातलाच कशाला? झाकून ठेवायचं ते काम माझ्या नवऱ्याने जन्मभर केलं. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, मालक."

मालकांचा आवाज चढला. "मग स्पष्टच बोलतो. एक तर याच्यावर ताडपत्री टाका, नाहीतर हे उतरवा. दोन्ही जमत नसेल तर खोली रिकामी करा. आजच्या आज!"

एकट्या बाईला या शहरात खोली मिळणं म्हणजे काय, ते मला ठाऊक आहे, आणि तिला तर त्याहून जास्त ठाऊक होतं. तिने मांडवाकडे पाहिलं. मग पदर खोचला.

"बरं," ती म्हणाली.

"काय बरं? उतरवता?"

"नाही. खोली रिकामी करते."

आणि तिने खरंच केली. खाट, गादी, स्टो, दोन पातेली, पाण्याची कळशी, फिटरची अवजारांची पेटी, कपड्यांची ट्रंक. ट्रंकेची एक कडी तिने धरली, एक मी धरली, आणि आम्ही सगळा संसार तिसऱ्या मजल्यावरून गच्चीवर चढवला. मी वाटेत दोनदा म्हटलं, "अगं, वेड्यासारखं करू नकोस, मालकांचे पाय धरू." ती म्हणाली, "तू ट्रंक धर." इमारतीतली सगळी माणसं आपापल्या दारात उभी होती. कुणी मदतीला आलं नाही, पण कुणी दार लावूनही घेतलं नाही. बघायची हौस दांडगी.

सूर्य कलला तेव्हा खोली मोकळी झाली होती. तिने ती झाडून काढली, फरशी पुसली, कुलूप लावलं आणि दुसऱ्या मजल्यावर जाऊन किल्ली मालकांच्या हातात ठेवली.

"ही घ्या. तुम्ही सांगितलं तसं केलं."

मालक घाबरेघुबरे झाले. "अहो, पण तुम्ही जाणार कुठे आता?"

"मी कुठे जातेय? मी मांडवात जातेय. आमच्या सणात हेच करायचं असतं, मालक. घर सोडायचं आणि पानांखाली राहायला जायचं. आजपर्यंत मला हे धड कधी जमलं नव्हतं. फिटरला धीर होत नव्हता. तुम्ही खोली रिकामी करा म्हणालात आणि माझं काम सोपं झालं. देव तुमचं भलं करो."

मी जिन्यात उभी होते. मला हसू आवरेना. मालकांनी आयुष्यात पहिल्यांदा कुणाला घराबाहेर काढायची धमकी दिली आणि ती नेमकी अशा बाईला दिली जिच्या धर्मात तीच आज्ञा आहे! त्या माणसाचं तोंड असं झालं की मला त्याची कीवच आली. हातात किल्ली आणि कमरेला जुडगा!

त्या संध्याकाळी तिने मांडवात दोन मेणबत्त्या लावल्या. मनुका भिजवून, कुस्करून, गाळून त्याचं सरबत केलं होतं, ते पेल्यात ओतलं. हा पेला हातात धरून घरच्या पुरुषाने प्रार्थना म्हणायची असते. पुरुष नव्हता. तिने पेला उचलला आणि म्हणायला सुरुवात केली. पहिल्या दोन शब्दांना आवाज फुटेना. इतकी वर्षं तिने ते शब्द फक्त पुटपुटताना ऐकले होते, ते मोठ्याने कसे म्हणायचे तेच तिला ठाऊक नव्हतं. मग तिने खाकरून घसा साफ केला आणि अशा आवाजात म्हटलं की समोरच्या इमारतीतल्या दोन खिडक्या उघडल्या. मला त्यातला एक शब्द कळला नाही. पण मला रडू आलं, आणि मी रडणारी बाई नाही.

"बघतायत लोक," मी म्हटलं.

"बघू देत," ती म्हणाली, आणि खिडकीतल्या बाईकडे बघून हात हलवला. "या ना! पाहुणा आला की सण पुरा होतो!" ती बाई घाईने आत गेली. पण खिडकी उघडीच राहिली.

दुसऱ्या दिवशी तिच्या दिराचा फोन आला. गावी, त्यांच्या माणसांत राहणारा दीर. कुणीतरी त्याला कळवलं असणार. फोन तिने मोठ्या आवाजावर ठेवला होता, त्यामुळे मीही ऐकलं.

"वहिनी, हे काय चाललंय? गच्चीवर काय राहताय? तमाशा कशाला? इकडे या ना. इथे सगळे आहेत, मोठा मांडव आहे, तयार जेवण आहे."

"भाऊजी, तिथे मांडव घालण्यात काय विशेष? तिथे सगळेच घालतात."

"पण इथे तुमचं घर आहे."

"माझं घर इथे आहे. सात दिवस घराबाहेर राहायचं तर आधी घर तरी जवळ पाहिजे ना?"

दीर म्हणाला, "दादा असता तर त्याने हे होऊ दिलं नसतं."

"नसतंच होऊ दिलं," ती म्हणाली. "म्हणूनच तो कोण ते शेवटी लोकांना विचारावं लागलं. ते तुम्ही पाहिलं नाही. मी पाहिलं." आणि फोन ठेवला. मग बराच वेळ स्टोची पिन नसलेल्या जागी शोधत बसली.

दोन-तीन दिवस असेच गेले. सकाळी ती नळावर पाणी भरायला खाली यायची, डोक्यात पानं, आणि सगळ्यांना स्वच्छ आवाजात "नमस्कार" करायची. आधी कुणी वर फिरकलं नाही. कपडे वाळत घालायला बायका वर जायच्या त्या भिंतीच्या कडेकडेने. पण रोज मांडवासमोरून जायचं आणि आत बघायचं नाही, हे कुणाला जमतं? एक आत डोकावली, तिला सरबत मिळालं. दुसरी आली. कुणीतरी विचारलं, "रात्री डास नाही चावत?" ती म्हणाली, "चावतात की. डासांना कुठे धर्म असतो?" मालकीणबाई सगळ्यात शेवटी आल्या, "टाकी बघायला आले होते" म्हणत, आणि टाकीकडे पाठ करून तासभर बसल्या. लग्नाची बातमी आपणच पसरवली हे त्यांनी सांगितलं नाही आणि हिनेही विचारलं नाही.

मालक मात्र आले नाहीत. ते खाली तिची किल्ली जुडग्यात अडकवून जुडगा उशाशी घेऊन झोपत होते, असं मालकीणबाईंनीच सांगितलं. "जेवण जात नाहीये त्यांना," त्या म्हणाल्या. "म्हणतात, बाई आजारी पडली तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील."

आणि मग पाऊस आला. दिवस पावसाचे नव्हतेच, पण आभाळ अंधारून आलं आणि दिवेलागणीच्या आधीच धो धो कोसळायला लागला. मी छत्री घेऊन वर धावले. मांडवात घोटा बुडेल एवढं पाणी नव्हतं, पण फार कमीही नव्हतं. गादी गुंडाळून तिने ट्रंकेवर ठेवली होती आणि त्यावर स्वतः बसली होती. पातेल्यातल्या भातात छपरातून सरळ धार पडत होती. चिंब भिजलेली बाई, केस गालाला चिकटलेले, आणि चेहऱ्यावर भाव असा की तिकीट काढलंय, शेवटच्या थांब्यापर्यंत उतरणार नाही.

"चल माझ्या खोलीत!" मी ओरडले.

"थांब जरा," ती म्हणाली.

कारण खालून छुमछुम आवाज येत होता. मालक जिन्यातून वर आले. एका हातात छत्री, काखेत ताडपत्रीची गुंडाळी. धापा टाकत त्यांनी ती उलगडायला घेतली. "टाका! आता तरी टाका वरून! निमोनिया होऊन मराल!"

तिने ताडपत्रीची कड हातात घेतली, बोटांनी शिवण चाचपली. "आमच्याकडचीच आहे. चांगली आहे," ती म्हणाली, आणि घडी करून परत त्यांच्या काखेत दिली. "छपरावर नाही घालायची."

"अहो, मग आत तरी चला! तुमच्या देवाला पावसात माणूस भिजवून काय मिळतं?"

"काही मिळत नाही. आमच्यात मुभा आहे, मालक. पानातलं जेवण पावसाने नासलं की आत जायचं. देव काही हट्टी नाही. पण मी आत कुठे जाऊ? खोली तुमची. किल्ली तुमच्याकडे."

मालकांनी काखेतली ताडपत्री खाली टाकली. मग छत्री बगलेत धरून ते जुडग्यातून किल्ली काढायला लागले. बोटं ओली, रिंग घट्ट, किल्ली निघेना. शेवटी दातांनी ओढून काढली आणि पुढे केली. "घ्या. घ्या बाई. चूक झाली माझी. चला आत."

मला वाटलं, आता घेईल. तिने हात पुढे केला नाही.

"किल्ली घेते. पण मांडव राहणार."

"राहू दे!"

"वर ताडपत्री नाही."

"नाही!"

"आणि कुणी विचारलं तर शेड म्हणायचं नाही."

"मग काय म्हणू?"

"ज्यूंचा मांडव म्हणायचं."

"काय?" पावसाच्या आवाजात त्यांना ऐकू गेलं नाही.

"ज्यूंचा मांडव!"

"म्हणतो! ज्यूंचा मांडव!" मालक बेंबीच्या देठापासून ओरडले. "ज्यूंचा मांडव! ज्यूंचा मांडव! आता तरी आत चला!"

समोरच्या इमारतीत पाच-सहा खिडक्यांत माणसं आली होती. गल्लीत दुकानाच्या आडोशाला उभी असलेली माणसं माना वर करून बघत होती. इतक्या जोरात तर मी कधी थांब्याचं नाव पुकारलं नसेल. तिने किल्ली घेतली, कमरेला खोचली आणि म्हणाली, "आता चला. थंडीने माझे दात वाजतायत." आम्ही तिघांनी मिळून तिची गादी खाली नेली. मालकांनी डोकं कोरडं करायला तिचाच टॉवेल घेतला आणि तिच्या खोलीत बसून दोन कप चहा प्याले.

पाऊस सकाळी थांबला आणि ती परत मांडवात गेली. फांद्या ओल्या, पानं गळालेली, निळी भिंत एका बाजूला लोंबत होती. तिने सगळं पुन्हा बांधलं आणि उरलेले दिवस तिथे राहिली. आता माणसं यायची, बसायची, प्रश्न विचारायची. काही प्रश्न मूर्खपणाचे होते. ती सगळ्यांना उत्तरं देत होती आणि एकदाही आवाज खाली आणत नव्हती.

सण संपला त्याच्या दुसऱ्या दिवशी तिने सुतळ्या सोडायला सुरुवात केली. मालकीणबाई घाईघाईने वर आल्या. "अहो, मोडताय कशाला? राहू द्या ना! संध्याकाळी बसायला किती छान वाटतं. हे पण म्हणत होते, राहू दे म्हणून."

"सण संपला. मांडव मोडायचाच असतो."

"पण आम्ही काही म्हणत नाही आता."

"तुम्ही म्हणालात म्हणून घातला नव्हता," ती म्हणाली, "आणि तुम्ही म्हणालात म्हणून ठेवणारही नाही." हे ती हसत म्हणाली, पण म्हणाली. मालकीणबाईंनी तोंड वाकडं केलं आणि मग सुतळ्या गुंडाळायला बसल्या.

फांद्या कचऱ्याच्या गाडीत गेल्या. बांबू चांगले होते. तिने ते पुसले, एकत्र बांधले आणि तळमजल्यावर जिन्याखाली नेऊन ठेवले. ती जागा मालकांची. तिथे त्यांची जुनी सायकल असायची. तिने विचारलंच नाही, सायकल सरळ बाहेर काढून भिंतीला टेकवली.

पुढे काही दिवसांनी मी आणि ती बाजारातून येत होतो. जिन्यात गॅसची टाकी आणणारा नवा माणूस उभा होता. त्याने टाकी खाली ठेवली होती आणि जिन्याखाली वाकून बघत होता. वर कठड्याशी मालकीणबाई उभ्या होत्या.

"बाई, हे बांबू कुणाचे? टाकायचेत का? आम्हाला पाहिजेत."

"हात लावू नका त्यांना," मालकीणबाई वरून ओरडल्या. दबका आवाज अजिबात नाही, चांगला गल्लीभर ऐकू जाईल असा. "ज्यूंच्या मांडवाचे आहेत ते. आमच्या तिसऱ्या मजल्यावर राहतात त्या बाई. ज्यू आहेत त्या. दरवर्षी लागतात."

त्या माणसाने "बरं बरं" म्हटलं आणि टाकी खांद्यावर घेतली. त्याला काय त्याचं? पण माझ्या शेजारी ताडपत्रीबाई मटकन पायरीवर बसली. पिशवी कलंडली, बटाटे घरंगळत दारापर्यंत गेले. फिटरला उंबऱ्याबाहेर काढताना ही बाई रडली नव्हती, गावी माती लोटताना रडली नव्हती. ती तिथे, गॅसवाल्याच्या पायाशी, लहान मुलासारखी हमसून हमसून रडायला लागली. मी वाकून बटाटे गोळा केले.

मालकीणबाई घाबरून चार पायऱ्या उतरून आल्या. "अगं बाई! काय झालं? मी काही चुकीचं बोलले का?"

तिने पदराने तोंड पुसलं, नाक पुसलं आणि उठून उभी राहिली.

"नाही," ती म्हणाली. "पण ते बांबू कुणी उभे केलेत? मी आडवे ठेवले होते. उभे ठेवले की वाकतात."